निवारा मिळाला, निर्णयाचे काय?

ज्या घरात बौद्धिक अक्षमता असलेले अपत्य आहे, त्या घरातील आईवडिलांना साठी ओलांडली की एकच प्रश्न छळू लागतो. "आमच्या पश्चात याचे काय?" अपत्याला मूल म्हणावयाचे ते केवळ सवयीने. वस्तुतः ते पस्तीस-चाळीस वर्षांचे झालेले असते, कानशिलावर पांढरे केस आलेले असतात. या प्रश्नाची चर्चा नातेवाइकांत होते, थोरल्या भावाच्या संसाराशी तो ताडून पाहिला जातो, कोणी ओळखीचा एखाद्या संस्थेचा पत्ता आणून देतो. मात्र ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याला कोणीही विचारीत नाही की, "बाबा रे, तुला कोठे राहावयाचे आहे आणि कोणाबरोबर?" त्याला काय कळते, हे आपण अगोदरच ठरवून मोकळे झालेलो असतो.

प्रस्तुत लेखात या न विचारलेल्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्रथम शब्दांविषयी थोडे. पूर्वी 'मतिमंद' हा शब्द सर्रास वापरला जाई, १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या मराठी व्यवहारातही तोच रूढ होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानंतर बौद्धिक अक्षमता किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असे म्हटले जाते. बदल योग्यच आहे. जुन्या घटनांविषयी लिहिताना जुना शब्द येईल, तो त्या काळाचा म्हणून वाचावा. आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण शिकलेली माणसेही येथे घोटाळा करतात. बौद्धिक अक्षमता म्हणजे वेड नव्हे. मनोविकार हा आजार आहे, तो कोणत्याही वयात होतो आणि पुष्कळदा औषधाने आटोक्यात येतो. बौद्धिक अक्षमता जन्मापासून किंवा लहानपणापासून असते. शिकण्याची गती कमी असते, पण शिकणे थांबलेले नसते.

पुणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर १९९४ हे वर्ष या विषयात कायमचे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एका वर्षात जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या.

जिल्ह्याच्या पूर्वेस शिरूर येथे मतिमंद मुलींसाठी शासकीय निवासी संस्था होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेथील दहाहून अधिक मुली व स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. आणखी काही जणींची पाळी येणार होती. महिला संघटनांनी आवाज उठविला, वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरले, तेव्हा पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. कारण असे दिले गेले की, या मुलींना मासिक पाळीच्या वेळची स्वच्छता ठेवता येत नाही आणि कर्मचाऱ्यांना ते काम झेपत नाही. या शस्त्रक्रियांचे समर्थन करणारेही त्या वेळी थोडे नव्हते. ते दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. त्यांना ती खरोखरच सोय वाटत होती, मुलींचीही सोय!

परंतु विचार करा. पाळीच्या चार दिवसांत एखादीला मदत लागते, तर तिला मदतनीस हवी, भरपूर पाणी हवे, स्नानगृह हवे, कपडा कसा बदलावा हे शंभर वेळा शिकविणारी कोणीतरी हवी. हे सारे पुरविण्यास पैसा व माणूसबळ लागते. गर्भाशय काढण्यास एक दिवस पुरतो. म्हणजे संस्थेकडे जे कमी होते त्याची भरपाई मुलींच्या शरीरातून करण्यात आली. दुसरा मुद्दा महिला संघटनांनी तेव्हाच मांडला होता. गर्भाशय काढल्याने मुलीवरचा अत्याचार टळत नाही, तो उघडकीस येण्याची एक वाट मात्र बंद होते. आणि संमती? ती मुलींना विचारण्याची बाब आहे असे व्यवस्थेतील कोणाला वाटलेच नाही.

त्याच वर्षी शिरूरपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात 'साधना व्हिलेज' या संस्थेची स्थापना झाली. नौदलातून निवृत्त झालेले कमांडर देशपांडे आणि मेधा टेंगशे ही या कामातील ठळक नावे. पौड सोडून आत वळले की भाताची खाचरे, वाळकी नदी आणि पावसाळ्यात धुक्याने भरणारे डोंगर लागतात. त्या परिसरात बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी ही वसाहत उभी राहिली. 'प्रौढ' या शब्दावर मी मुद्दाम भर देतो. मुलांसाठी शाळा पुष्कळ निघाल्या. मुंबईत जय वकील यांनी व त्यांच्या पतीने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ सालीच शाळा सुरू केली होती. परंतु शाळा अठराव्या वर्षी संपते, आयुष्य पुढे पन्नास वर्षे उरते. त्या पन्नास वर्षांचा विचार करणाऱ्या जागा फार थोड्या.

साधना व्हिलेजची कल्पना कॅम्पहिल चळवळीशी नाते सांगणारी आहे. कार्ल क्योनिग हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ, ज्यू कुळातले. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना देश सोडावा लागला. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ कॅम्पहिल नावाच्या जागेत १९४० पासून त्यांनी व त्यांच्या निर्वासित सहकाऱ्यांनी अशा मुलांबरोबर राहण्यास प्रारंभ केला. 'साठी' नव्हे, 'बरोबर'. त्याच सुमारास जर्मनीत काय चालले होते? १९३९ ते १९४१ या काळात सरकारी आदेशाने सत्तर हजारांहून अधिक अपंग व मनोरुग्ण मारले गेले, आणि त्यांच्या याद्या तयार झाल्या त्या संस्थांनी भरून दिलेल्या छापील अर्जांवरून. आम्ही कारकून मंडळी दिवसभर फॉर्म हाताळतो, म्हणून हा तपशील मला विशेष बोचतो. कॅम्पहिलने पुढे १९५५ मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायर येथे बॉटन हे प्रौढांचे पहिले खेडे वसविले. एका मोठ्या इमारतीत शंभर खाटा मांडण्याऐवजी लहान लहान घरे, प्रत्येक घरात मदत लागणारे व मदत करणारे एकत्र राहणारे, एकाच टेबलावर जेवणारे, आणि दिवसा प्रत्येकाला काहीतरी काम, ही त्याची रीत.

कोळवणला हीच रीत मराठी संसाराच्या वळणाने आली. तेथे राहणाऱ्यांना रुग्ण किंवा लाभार्थी म्हणत नाहीत, 'विशेष मित्र' म्हणतात. वेगवेगळी घरे आहेत, घराला गृहमाता आहे. मेणबत्त्या-पणत्यांसारख्या वस्तू बनविणे, बागकाम, स्वयंपाकघरातील मदत अशी कामे चालतात. संस्थेने भोवतालच्या गावांतही बचत गट, बालवाड्या अशी कामे केली. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. गावकऱ्यांच्या दृष्टीने ते कुंपणापलीकडचे 'वेड्यांचे घर' न राहता ओळखीच्या माणसांचे घर होते. त्याच तालुक्यात, हिंजवडीला लागून असलेल्या मारुंजी येथे 'नवक्षितिज' ही अशाच प्रौढांची निवासी संस्था आहे. एका तालुक्यात अशा दोन जागा असणे ही आपल्या राज्यात सहज आढळणारी गोष्ट नव्हे.

मग संस्था वाईट की चांगली? असा प्रश्न केला की उत्तर चुकते. बी. ए. ला समाजशास्त्र घेतलेल्यांना गॉफमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे नाव आठवत असेल. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या 'असायलम्स' या ग्रंथात त्याने सर्वंकष संस्थेची लक्षणे सांगितली. झोपणे, काम करणे आणि विरंगुळा हे सारे एकाच छपराखाली, एकाच सत्तेखाली. सर्वांनी सर्व काही एकत्र आणि घंटेबरहुकूम करावयाचे. एका बाजूला थोडे कर्मचारी, दुसऱ्या बाजूला पुष्कळ रहिवासी, आणि रहिवाशाविषयीचा निर्णय रहिवाशाला शेवटी कळतो. परीक्षेपुरते पाठ केलेले हे मुद्दे प्रत्यक्षात कसे दिसतात? आचारी सातला घरी जातो म्हणून जेवण साडेपाचला. न्हावी महिन्यातून एकदा येतो म्हणून सर्वांचे केस एकाच मापाचे, मुलींचेसुद्धा. धुण्याच्या गाठोड्यातून जो सदरा हाती येईल तो ज्याच्या अंगावर येईल त्याचा. स्वतःचा म्हणून एक सदरा नाही, कुलूप लागणारी एक पेटी नाही. ज्याला आयुष्यात 'हा सदरा नको, तो हवा' एवढेही म्हणण्याची संधी मिळालेली नाही, त्याला निर्णय घेता येत नाही असा शेरा आपण कोणत्या तोंडाने मारतो?

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करारनामा २००६ मध्ये संमत झाला. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. त्यातील एकोणिसाव्या अनुच्छेदाने कोठे व कोणाबरोबर राहावयाचे हे निवडण्याचा हक्क मान्य केलेला आहे. त्यावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१७ मध्ये या अनुच्छेदाचा अर्थ विशद केला, तो आपल्या डोळ्यांत अंजन घालणारा आहे. शंभरांची संस्था असो, पाच-आठ जणांचे घर असो, किंवा एकट्याचे घर असो, रोजच्या जगण्यावर त्या व्यक्तीचा ताबा नसेल तर ती संस्थाच, असे समितीचे म्हणणे. म्हणजे प्रश्न भिंतींचा किंवा खाटांच्या संख्येचा नसून ताब्याचा आहे.

या कसोटीवर कोळवणचाही विचार करावा लागेल, आणि तो करण्यात त्या कामाचा अनादर नाही. घर लहान आहे, माणसे मायेची आहेत, काम आहे. तरीही मनुष्य तेथे येतो तो बहुधा कुटुंबाने ठरविले म्हणून. शेजारच्या खोलीत कोण असेल हे तो ठरवीत नाही. शहरात वाढलेल्याला खोऱ्यातून शहरात एकट्याने जाता येणे कठीण. याची उत्तरे संस्थेपाशी असतीलही, परंतु प्रश्न विचारलेच पाहिजेत. मुळशी तालुक्याला तर हा प्रश्न नवा नसावा. टाटांच्या धरणासाठी गावे उठली तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. मोबदला देऊ म्हणणारे होतेच. तुम्ही कोठे राहावयाचे हे दुसऱ्याने परस्पर ठरविले, ही त्या शेतकऱ्यांची खरी जखम होती.

आता हीच कसोटी आपल्या घराला लावून पाहू. येथे मात्र आपण गप्प होतो. वस्तीतील दहा बाय बाराची खोली, आई चार घरची धुणीभांडी करते, वडील कंत्राटी कामावर. बावीस वर्षांची मुलगी घरी. बाहेरून कडी लावून आई कामावर जाते. तिच्यावर टीका करण्याचा अधिकार मला नाही आणि वाचकांनाही नाही. कडी न लावता गेली आणि काही बरेवाईट झाले, तर बोल लावणारे आम्हीच असतो. बहुतेक स्वयंसेवी निवासी संस्थांना पालकांकडून मासिक खर्च घ्यावा लागतो, त्यास त्यांचाही इलाज नसतो. तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या बाईपुढे प्रत्यक्षात दोनच मार्ग उरतात, कडी किंवा सरकारी संस्था. शिरूरच्या मुली अशाच घरांतून किंवा कोणत्याच घरातून न आलेल्या होत्या. निवडीच्या हक्कावर लिहिताना हे विसरले, तर तो लेख केवळ पगारदार माणसांपुरता उरतो. वस्तीतच दिवसाचे काम देणारे केंद्र असेल, चार बायकांनी आळीपाळीने लक्ष ठेवण्याची व्यवस्था असेल, तर कडी निघू शकते. समाजमंदिरे दुपारभर रिकामी असतात, एवढे सुचवून पुढे जातो.

धोक्याचा मुद्दा टाळता येणार नाही. मोकळीक दिली आणि रस्ता चुकला तर? कोणी फसविले तर? रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकन लेखकाने १९७२ मध्ये याविषयी एक विचार मांडला. धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते आणि सर्व धोक्यांपासून वाचविलेला माणूस प्रतिष्ठेलाही मुकतो, असा त्याचा आशय. आपल्या इतर मुलांना आपण सायकल शिकविली तेव्हा गुडघे फुटणार हे ठाऊक नव्हते काय? अर्थात सायकल हमरस्त्यावर शिकवीत नाहीत. दुकानातून एकट्याने मीठ आणणे, ओळखीच्या मार्गाची बस, स्वतःच्या कपड्यांची निवड, नको असलेल्या स्पर्शाला 'नाही' म्हणणे या क्रमाने ते शिकवावे लागते. शेवटची गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. ज्याला आयुष्यभर प्रत्येक बाबतीत 'हो' म्हणण्याचे वळण लावले, तो संकटाच्या वेळी 'नाही' कोठून म्हणणार?

संमतीचा प्रश्न २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. चंदीगडच्या एका शासकीय संस्थेत राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीवर संस्थेतच अत्याचार झाला आणि तिला दिवस गेले. प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली, उच्च न्यायालयाने ती दिली. तरुणीचे म्हणणे होते, मला मूल हवे. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती यांत गर्भपाताचा कायदा फरक करतो, पालकाच्या संमतीची तरतूद मनोरुग्णापुरती आहे, म्हणून या प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती आवश्यक आहे, असा तो निर्णय. सुरुवातीस वेड आणि बौद्धिक अक्षमता यांतील फरक सांगितला तो किती दूरवर जातो, हे यावरून ध्यानात यावे. पुढे २०१६ च्या कायद्याच्या दहाव्या कलमाने स्पष्टच केले की, जिच्यामुळे मूल होण्याची क्षमता नष्ट होते अशी वैद्यकीय प्रक्रिया कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतंत्र आणि समजून दिलेल्या संमतीविना करता येणार नाही. शिरूरनंतर बावीस वर्षांनी.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येतो. तेथे या हक्काची परीक्षा दोनशे रुपयांवर होते. तीस-बत्तीस वर्षांचा एक तरुण आईबरोबर काउंटरवर येतो. खाते त्याचे, पैसे त्याचे. पॅकिंगच्या कामाचे विद्यावेतन त्यात जमा होते. स्लिपवर सही करावयास त्याला तीन-चार मिनिटे लागतात. प्रत्येक अक्षर तो बोलून लिहितो. मागची रांग चुळबुळ करते. आमच्यापैकी बहुतेक कर्मचारी बोलतात ते आईशी : "किती काढायचेत याला?" सही थोडी वेगळी आली की, "त्यापेक्षा अंगठा घ्या ना, कटकट नाही." अंगठा बँकेला सोयीचा खरा, पण ज्याने सही शिकण्यासाठी दोन वर्षे घालविली त्याला तो सोयीचा नाही. एका शाखेत तर असा खातेदार समोर येताच पालकत्वाचा दाखला आणा म्हणून कुटुंबाला तीन खेपा घालावयास लावल्याचे मी पाहिले आहे. वास्तविक त्या कामासाठी तो दाखला लागतच नव्हता.

येथे कायदा आपण समजतो त्याहून शहाणा आहे. १८७२ च्या करार कायद्याचे बारावे कलम सांगते की, करार करतेवेळी तो समजण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे ठरविण्याची क्षमता असली म्हणजे झाले. क्षमता ही माणसाच्या कपाळावर कायमची कोरलेली नसून, त्या त्या वेळी, त्या त्या व्यवहारापुरती पाहावयाची असते. दोनशे रुपये काढणे ज्याला समजते त्याला घर गहाण टाकणे समजणार नाही कदाचित, पण म्हणून दोनशे रुपयांवरचा त्याचा अधिकार जात नाही. २०१६ च्या कायद्याचे तेरावे कलम आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने देते. खरोखरच मोठा निर्णय घ्यावयाचा असेल आणि पुरेशी मदत देऊनही तो घेता येत नसेल, तर चौदाव्या कलमाने मर्यादित पालकत्वाची सोय आहे. परस्पर समज आणि विश्वास यांवर आधारलेला संयुक्त निर्णय, अशी त्याची व्याख्या. पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करावयाचा असतो, आणि तेही ठरलेल्या बाबीपुरते व ठरलेल्या काळापुरते.

व्यवहारात मात्र बहुतेक कुटुंबे जातात ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अपत्य अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, ही गोष्ट कित्येकांना ठाऊकच नसते. आवश्यकता असेल तर समितीकडे अर्ज करून दाखला मिळविता येतो, आणि बँकांनी तो ग्राह्य धरावा असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये कळविलेले आहे. अर्ज करताना पालक कशासाठी हवा आहे हे नेमके लिहावे. 'सर्व बाबींसाठी' असे लिहून मोकळे होऊ नये. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावयाची असते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावयाचा असतो. "आमच्या पश्चात" म्हणून भावाला किंवा पुतण्याला पालक नेमताना ही अट त्याला आधीच वाचून दाखवावी.

पालकानेच हेळसांड केली किंवा पैसा लाटला तर त्याला काढून टाकण्यासाठी समितीकडे कोणी जावयाचे, हे त्या कायद्याच्या सतराव्या कलमात दिलेले आहे. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था. ज्याच्यासाठी पालक नेमला त्या व्यक्तीचा उल्लेख त्या यादीत नाही. २०१६ च्या कायद्याने पालक नेमण्याविरुद्ध अपील करण्याची वाट तिला दिली आहे, पण सतरावे कलम होते तसेच आहे.